कुलूपवाल्याचा साबण

मैत्रिणींनो, लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला म्हणतो ‘गोदरेजचं कपाट’. लग्नातला शालू, पाटल्या-बांगड्यांची पुरचुंडी, मुलांचे शाळेचे दाखले, पोस्टाची पासबुकं, सगळं काही त्याच्या आतल्या कप्प्यात. गावाला जाताना दाराला लावतो ते कुलूप बऱ्याचदा त्याच नावाचं. आणि मोरीतल्या साबणदाणीत उरलेली वडीही कधी कधी त्याच घरची निघते. कुलूप आणि साबण! एकाच माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टी कशा आल्या असतील, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

मध्य रेल्वेनं कल्याणकडे जाताना घाटकोपर सुटलं की विक्रोळी लागतं आणि पुढे कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर करत गाडी मुलुंडला येते. विक्रोळी म्हटलं की मुंबईकराला गोदरेजचे कारखाने, कामगारांची वसाहत आणि खाडीकाठचं खारफुटीचं रान आठवतं. पण हा डोलारा ज्यांच्या नावानं सुरू झाला, त्या अर्देशीर गोदरेज यांनी विक्रोळीचा कारखाना पाहिलाच नाही. तो उभा राहण्याआधीच ते गेले होते. त्यांचं आयुष्य समजून घेण्यासारखं आहे. आणि त्यांनी बनवलेल्या साबणाच्या निमित्तानं आपल्या त्वचेबद्दलही थोडं समजून घ्यायला हवं.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी कुटुंबातला. वडील बर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत हे थोरले. घरात जमीन-जुमल्याचा व्यवहार होता, पैशाची ददात नव्हती. १८९० साली बाचूबाईंशी त्यांचं लग्न झालं. मुलगी तरुण, घर हौशी, सगळं छान चाललं होतं.

आणि वर्षभरातच घात झाला. २५ एप्रिल १८९१ रोजी बाचूबाई आणि त्यांच्याबरोबरच्या पिरोजबाई मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघायला वर चढल्या. काही वेळानं दोघी खाली पडलेल्या सापडल्या. दोघींचाही जीव गेला. साऱ्या मुंबईत खळबळ उडाली. त्या अब्रू वाचवण्यासाठी पडल्या की त्यांना कुणी ढकललं, याची महिनोन् महिने चर्चा झाली. खटला उभा राहिला, पण गुन्हा शाबीत झाला नाही. विचार करा, ऐन तारुण्यातली बायको अशी गेलेली आणि वर गावभर तिच्या नावाची चर्चा. त्या माणसानं काय सोसलं असेल? अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मूलबाळ नव्हतंच. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी कामाला वाहून घेतलं.

वकिलीची परीक्षा पास झाल्यावर १८९४ मध्ये ते एका खटल्यासाठी आफ्रिकेतल्या झांझिबारला गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला पटत नाही ती गोष्ट खरी म्हणून कोर्टापुढे मांडावी लागणार आहे. त्यांनी सरळ नकार दिला आणि खटला सोडून ते मुंबईला परतले. वकिली तिथेच संपली. घरच्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपण आया करू शकतो. शिकलासवरलेला मुलगा, हाताशी आलेला धंदा सोडून घरी बसलेला!

मग त्यांनी औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून काम धरलं. तिथे त्यांना ऑपरेशनची हत्यारं बनवण्याची कल्पना सुचली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये उसने घेऊन त्यांनी चाकू, कात्र्या, चिमटे तयार केले. माल उत्तम उतरला. विकत घेणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्यालाही तो पसंत पडला. फक्त त्यावर हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का नको, अशी त्याची अट होती, कारण त्या शिक्क्यानं माल खपणार नाही अशी त्याची खात्री होती. अर्देशीर अडून बसले. माल जिथे बनला तिथलंच नाव त्यावर असणार, नाहीतर माल द्यायचाच नाही. धंदा बुडाला. कर्ज मात्र डोक्यावर राहिलं.

त्याच सुमाराला मुंबईत घरफोड्यांचा सुळसुळाट झाला होता. पोलिसांनी लोकांना घरं नीट बंद करण्याची सूचना दिल्याची बातमी अर्देशीर यांच्या वाचनात आली. त्यांच्या मनानं घेतलं, की चांगलं कुलूप ही प्रत्येक घराची गरज आहे. पुन्हा कामा यांच्याकडून पैसे घेतले आणि ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी एका छोट्या शेडमध्ये डझनभर कारागिरांना घेऊन काम सुरू केलं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही, अशी हमी ते द्यायचे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हा बाजारात मिळणारी कित्येक कुलपं कुठल्याही किल्लीनं उघडायची. पुढे त्यांनी कामा यांच्या भाच्याला, बॉइस यांना भागीदार करून घेतलं. ते फार दिवस राहिले नाहीत, पण त्यांचं नाव मात्र कंपनीच्या पाटीवर कायम राहिलं. १९०२ मध्ये तिजोऱ्या आल्या. धाकटे भाऊ पिरोजशा हाताशी आले आणि व्यापाची बाजू त्यांनी सांभाळली. १९२३ पासून ते प्रसिद्ध कपाटही बाजारात येऊ लागलं.

मग हा कुलूपवाला साबणाकडे कसा वळला?

आपल्याकडे अंगाला साबण लावण्याची पद्धत फार जुनी नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्या डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून न्हायच्या. केसांना शिकेकाई, रिठे. दिवाळीला तेल आणि उटणं. अंगाचा साबण विलायतेहून आला आणि श्रीमंतांच्या मोरीत शिरला. पण त्याचं एक दुखणं होतं. साबण बनतो तो तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवून. या दोघांचा संयोग झाला की साबण तयार होतो आणि ग्लिसरीन बाजूला पडतं. विलायती साबणात सर्रास जनावरांची चरबी असायची. ती गाईची की डुकराची, कुणाला ठाऊक! त्यामुळे हिंदू, मुसलमान, जैन अशा कितीतरी घरांत साबणाची वडी विटाळाची वाटायची. देवपूजेआधी आंघोळ करायची आणि अंगाला चरबी चोळायची, हे बायकांना पटणार तरी कसं?

भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ऑलिव्हच्या तेलाचा साबण पूर्वापार होत आला होता. पण मऊ, सुवासिक, झट फेस देणारी अंगाची वडी चरबीशिवाय नीट जमत नाही, असा तेव्हाच्या कारखानदारांचा समज होता. खोबरेल तेल घेतलं तर फेस भरपूर येतो पण वडी लवकर झिजते. इतर तेलं घेतली तर वडी मऊ पडते. तेलांचं प्रमाण जुळवणं ही खरी कसोटी होती. साबणाचं शिक्षण न घेतलेल्या अर्देशीर यांनी प्रयोग करकरून ते जुळवलं आणि १९१८ मध्ये केवळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. नाव ठेवलं ‘चावी’. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरं कोणतं नाव शोभलं असतं!

त्यानंतर आलेल्या साबणाचं नाव होतं ‘नंबर दोन’. एक नंबरच्या आधीच दोन नंबर! त्यामागे अर्देशीर यांचा हिशेब असा सांगतात, की दोन नंबरचा साबण इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल, अशी उत्सुकता गिऱ्हाइकाला वाटावी. १९२२ मध्ये ‘नंबर एक’ आला. जाहिरातीत खुद्द रवींद्रनाथ टागोर झळकले. महात्मा गांधींकडे दुसरा एक साबणवाला आशीर्वाद मागायला गेला तेव्हा, गोदरेज यांच्या धंद्याला धक्का लागत असेल तर आपण तो देऊ शकत नाही, असं गांधीजींनी कळवल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. अर्देशीरही स्वदेशीचे पक्के अभिमानी. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. मात्र स्वदेशी आहे म्हणून लोकांनी भिकार माल गोड मानून घ्यावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. माल आधी चांगला हवा.

आता हाच चोखंदळपणा घेऊन आपण आपल्या त्वचेकडे पाहू या. अर्देशीर यांच्या काळात न कळलेली एक गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. आपल्या अंगाचीही एक तिजोरी असते, आणि तिच्या आतला ऐवज म्हणजे पाणी.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर तळहात-तळपाय सोडले तर कागदाहूनही पातळ असतो. तो बनतो निर्जीव, चपट्या पेशींचा. या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि विटांमध्ये जसा चुना-सिमेंट असतो तसा त्यांच्यामध्ये एक मेणचट गिलावा असतो. अमेरिकेतले त्वचेचे अभ्यासक पीटर एलियास यांनी १९८०च्या दशकात ही विटा-गिलाव्याची उपमा रूढ केली. या गिलाव्यात तीन मुख्य पदार्थ असतात. सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. वजनानं पाहिलं तर जवळपास निम्मा वाटा सिरामाइडचा. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपण दचकतो, पण त्वचेला ते हवंच असतं. हा गिलावा धड असेल तर आतलं पाणी उडून जात नाही आणि बाहेरचा सोडा, धूळ, जंतू सहजी आत शिरत नाहीत. गिलाव्याला भेगा पडल्या की त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढरे ओरखडे उठतात, खाज सुटते. इसब असलेल्यांच्या त्वचेत सिरामाइड कमी असतं, हेही आता सिद्ध झालं आहे. वय वाढतं तशी हा गिलावा तयार होण्याची गती मंदावते. म्हणून साठीच्या सासूबाईंच्या पायाच्या नडग्या थंडीत कोरड्या ठक्क पडतात.

साबण यात काय करतो? तो मळ काढतो, कारण मळ तेलात अडकलेला असतो आणि साबण तेल सोडवतो. पण आपलं तेल कुठलं आणि मळाचं कुठलं, हे साबणाला कळत नाही. मळाबरोबर तो गिलाव्यातलाही थोडा भाग घेऊन जातो. दुसरं असं, की निरोगी त्वचा किंचित आंबट असते, म्हणजे तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो. साबण मात्र खारट-सोड्याच्या बाजूचा, पीएच नऊ-दहा. सिरामाइड तयार करणारी त्वचेतली यंत्रणा आंबटपणातच नीट चालते. साबणानं तो बिघडला की पूर्ववत व्हायला काही तास लागतात.

आणि इथेच आपली एक गैरसमजूत दूर व्हायला हवी. वनस्पती तेलाचा साबण म्हणजे त्वचेला तेल देणारा साबण, असं आपण धरून चालतो. पण तेल एकदा सोड्याबरोबर शिजून साबण झालं, की ते तेल राहत नाही. चरबीचा असो वा खोबरेलाचा, पीएच तोच. उलट खोबरेलाचं प्रमाण फार झालं तर साबण जास्त सुकवतो. अर्देशीर यांच्या साबणानं कितीतरी घरांचा धर्माचा प्रश्न सोडवला आणि परदेशी मालाला तोडीस तोड उत्तर दिलं. त्यात काही उणं नाही. मात्र कोरडेपणाचा प्रश्न चरबी काढून सुटणारा नव्हता. नाव चावी आणि गुणही चावीचाच! त्वचेचं कुलूप तो थोडं उघडतोच.

मग साबण सोडायचा का? नाही. फक्त जपून वापरायचा. काख, जांघा, पाय, घामाच्या आणि मळाच्या जागा इथे साबण हवाच. हात-पाय, पोट-पाठ यांवर रोज चोळायची गरज नाही, विशेषतः थंडीत. पाणी कढत नको, कोमट बरं. बोअरिंगचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर अंगावर राहतो, म्हणून नीट धुवावं. दिवाळीची आधी तेल आणि मग उटणं ही आपली पद्धत या दृष्टीनं फार शहाणपणाची आहे.

आंघोळीनंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच काहीतरी लावावं. सिरामाइडची क्रीम आता औषधांच्या दुकानात मिळतात. त्यात सिरामाइडबरोबर कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतील तर उत्तम, कारण तिघं मिळूनच गिलावा होतो. पण क्रीम महाग वाटलं तर हिरमुसू नका. साधी पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाही, आणि त्या आडोशाला त्वचा स्वतःचा गिलावा स्वतःच भरून काढते. खोबरेल तेलात सिरामाइड नसतं, पण पाणी धरून ठेवायला तेही मदत करतं.

सगळ्यात जास्त जपायचे ते आपले हात. तळहातावर तेलाच्या ग्रंथी नसतात, आणि भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, लादी पुसायचं फिनेल, सगळं सोसायचं ते त्यांनीच. तळव्यांना भेगा पडतात, तिखट-मीठ लागलं की आग होते, आणि आपण म्हणतो, चालायचंच. चालवून घेऊ नका. भांडी-धुणं करताना आतून सुती आणि बाहेरून रबरी हातमोजे घाला, काम झालं की हातांना जेली चोळा. भेगा भरत नसतील, पाणी सुटत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. दुकानदारानं दिलेली खाजेची ट्यूब स्वतःच्या मनानं लावू नका. त्यातल्या पुष्कळशा ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि ते दीर्घकाळ लावलं तर त्वचा आणखी पातळ होते.

साबण घेताना वेष्टन वाचायची सवय लावून घ्या. त्यावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे वडीत साबणाचा खरा माल किती टक्के आहे ते. भारतीय मानकानुसार ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या दर्जाचा, ७० च्या वर दुसऱ्या, ६० च्या वर तिसऱ्या. ‘बेदिंग बार’ असं लिहिलं असेल तर ती वेगळी वस्तू, तिच्यात हे प्रमाण याहून कमी चालतं. पण एक ध्यानात असू द्या, टीएफएम जास्त म्हणजे पीएच कमी, असं नाही. फार कोरडी त्वचा असेल किंवा घरात इसबवालं मूल असेल, तर साबण नसलेली, त्वचेच्या पीएचशी जुळणारी वडी डॉक्टरांना विचारून घ्यावी. आपल्या वस्तूवर खरं काय ते छापलं जावं म्हणून एका माणसानं आपला पहिला धंदा बुडू दिला. निदान छापलेलं वाचायचे कष्ट आपण घ्यायला हरकत नाही.

अर्देशीर यांचं मन पुढे एकाच ठिकाणी रमलं नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कारभार पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिककडे शेतीत रमले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. पिरोजशांनी १९४३ मध्ये लिलावात विक्रोळीची मोठी जमीन घेतली आणि पुढच्या वर्षांत तिथे कारखाने, वसाहत, शाळा असं गाव वसलं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत प्रचंड स्फोट झाला, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत निघाल्याचं लोक अजून सांगतात. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या विक्रोळीतच तयार झाल्या. पिरोजशांचे चिरंजीव बर्जोर यांनी साबणाच्या रसायनाचा रीतसर अभ्यास केला आणि १९५२ मध्ये सिंथॉल आणला. २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबानं उद्योगांची वाटणी केली, आणि कुलूप-कपाटं एका शाखेकडे तर साबण दुसरीकडे गेला. अर्देशीर यांनी एका छताखाली आणलेल्या या दोन वस्तूंची घरं आता वेगळी झाली आहेत.

आपल्या घरात मात्र त्या अजून शेजारीच नांदतात. रात्री निजण्याआधी कपाटाला किल्ली लावली, की त्याच पाच मिनिटांत हातापायांनाही थोडी जेली किंवा तेल लावून टाका. दागिन्यांना जपतो तेवढं हातांनाही जपलं, तर थंडी सरेपर्यंत भेगा नक्की भरून येतील.